प्रतीक्षाची सावड

"मॅडम, ह्यात लिहिण्यासारखं माझ्यात काईच न्हाई," असं म्हणून प्रतीक्षानं कोरा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला.

चार पानी फॉर्म होता. पहिलाच प्रश्न, 'तुमच्या पाच स्ट्रेंग्थ लिहा.' मी नुकतीच तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आले होते आणि भलतीच जोशात होते. ट्रेनिंगमधली कल्पना साधी होती. मागे पडलेल्या विद्यार्थ्याला 'तुला काय येत नाही' हे विचारायचं नाही, कारण ते त्याला तोंडपाठ असतं. त्याला काय चांगलं जमतं ते शोधायचं आणि त्याच्या जोरावर अभ्यास उभा करायचा.

आमचं कॉलेज पौड रस्त्याला. मी बीसीएच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि त्यातल्या पंधरा-वीस जणांची मेंटॉर आहे. म्हणजे त्यांचे निकाल, त्यांची हजेरी आणि त्यांचं रडणं, तिन्ही माझ्याकडे. प्रतीक्षा दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचे चार विषय राहिले होते, दोन मागच्या वर्षाचे आणि दोन यंदाच्या पहिल्या टेस्टमधले. आमच्या नियमानं दोन विषय राहिले तर एटीकेटी मिळते, म्हणजे ते डोक्यावर घेऊन पुढच्या वर्षाला जाता येतं. त्याहून जास्त राहिले तर इयर डाउन, वर्षभर घरी. तिचं घर धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत. कॉलेजसाठी ती नांदे गावात मावशीकडे राहायची. मावशीनं स्पष्ट सांगितलं होतं, वर्ष गेलं तर वाडीला परत जायचं. त्यामुळे तिच्यासाठी इयर डाउन म्हणजे शिक्षणच बंद.

तिनं फॉर्म भरला नाही, म्हणून मी भरला. वर्गातल्या मुली तिला विचारल्याशिवाय कॅन्टीनलासुद्धा जात नाहीत हे मी पाहिलं होतं. मी ठळक अक्षरात लिहिलं, 'लीडरशिप', आणि विभागाच्या सेमिनारचं सूत्रसंचालन तिच्या गळ्यात मारलं. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "घाबरतेस काय? तुझ्यात आहे ते!"

सेमिनारच्या दिवशी ती माइक हातात धरून उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना. मागच्या बाकांवर कोणीतरी फिदीफिदी हसलं. ती स्टेजवरून उतरली, ती थेट बस स्टॉपवर गेली. पुढचे आठ दिवस कॉलेजला आलीच नाही. मला स्वतःची लाज वाटली. बुडणाऱ्या पोरीला वर काढायचं सोडून मीच तिच्या डोक्यावर हात ठेवून दाबलं होतं.

प्रिन्सिपल सरांनी बोलावून घेतलं.

"मॅडम, हे स्ट्रेंग्थ वगैरे पुरे आता. वीकनेस शोधा, एक्स्ट्रा लेक्चर लावा. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय."

"आणि वर्षानुवर्षं तीच मुलं नापास होतायत, सर."

"मग काय करणार आहात?"

"आधी मुलगी शोधते."

मुलगी सापडली भाताच्या खाचरात. नोव्हेंबर होता, कापणी चालली होती. गाडी खाली रस्त्यावर लावून मी झपाझप चढ चढले. बारा-तेरा बायका वाकून कापत होत्या आणि मधोमध प्रतीक्षा. ओरडणं नाही, हुकूम नाही. "काकी, तुमी पेंढ्या बांधा, कंबर दुखतीया तुमची. सुमनआत्या, त्या टोकाकडनं घ्या, तुमचा हात चलाख हाय." एवढंच, हळू आवाजात. आणि बायका ऐकत होत्या.

तिच्या आईनं बांधावर चहा दिला. मी विचारलं, "एवढी माणसं मजुरीनं आणलीत?"

"मजुरीनं कुटली बाई! सावड हाय. आज समदी आमच्यात, उद्या आमी त्यांच्यात. पण कोन कवा कुनाकडं, ह्ये हीच ठरवती. दोन वर्सं झाली, भांडान न्हाई वाडीत." मग तिचा आवाज खाली आला. "मॅडम, आवंदा तिचं न्हाई जमलं तर कालिज बंद करनार हाय आमी. भनीनं तरी किती दीस ठिऊन घ्यायचं?"

मी प्रतीक्षाला बांधावर बसवलं आणि आधी माफी मागितली. ती एवढी गोंधळली की चहाच सांडला. मग विचारलं, "ज्याचा भरवसा नाही, जो आपलं काम उरकून दुसऱ्याकडे येणारच नाही, त्याचं काय करतेस?"

"त्याचं शेत शेवटाला ठेवायचं," ती म्हणाली. जणू हे कोणालाही ठाऊक असायला हवं.

उतरताना माझं डोकं भराभर चालायला लागलं होतं.

सोमवारी ती कॉलेजला आली. मी तिला आणखी चार जणांची नावं दिली. पाचही जणांचे विषय राहिलेले, पण वेगवेगळे. एकाला डेटा स्ट्रक्चर्स उत्तम यायचं आणि स्टॅटिस्टिक्स म्हटलं की घाम फुटायचा. दुसरीचं बरोबर उलटं. मी म्हटलं, "ही पाच शेतं. सावड लाव."

तिनं तोच फॉर्म मागून घेतला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. कोणाच्या विषयाला कोणता वार, शिकवणार कोण, गणितं सोडवून घेणार कोण. ज्याचा विषय त्यानं त्या दिवशी सगळ्यांना वडापाव द्यायचा, हाही नियम तिचाच. ओंकार नावाचा एक महाबिलंदर होता. आपलं झालं की गायब होणारा. त्याचा वार तिनं शेवटी ठेवला. बेटा आठवडाभर एकही दिवस चुकला नाही.

ही पाच जणं लायब्ररीत बसलेली असताना सरांनी एकदा डोकावून पाहिलं. "मॅडम, हे कोचिंग आहे की शेतकी?"

"सर, पीक आल्यावर सांगते."

खरं तर मला धाकधूक होती. जानेवारीच्या टेस्टमध्ये प्रतीक्षा पुन्हा दोन विषयांत आपटली. पण एक फरक पडला होता. शिक्षकांना शंका विचारायला जिची जीभ उचलत नव्हती, ती या चौघांना बिनधास्त विचारत होती, "ह्ये मला कळलं न्हाई, परत सांग." एकदा तर माझ्याच तासाला हात वर केला. आनंदानं माझ्या हातून खडूच पडला.

जूनमध्ये निकाल लागला. चारपैकी तीन सुटले, मॅथ्स राहिला. एटीकेटी मिळाली, तिसऱ्या वर्षाचा प्रवेश पक्का. ओंकारसकट तिघांचे सगळे विषय सुटले, एकीचा एक राहिला. प्रतीक्षाच्या आईचा फोन आला. ती म्हणाली, "भनीला सांगितलं, अजून एक वर्स ठिऊन घे." माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलं नाही. सरांनी पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना सावड लावायला सांगितली, एक्स्ट्रा लेक्चरांसकट.

जुलैमध्ये प्रतीक्षाचा मेसेज आला, 'रविवारी आमच्यात लावणी हाय. तुमी या.' माझ्यावरची सावड फेडायची होती, मी गेले. गुडघाभर चिखलात उभी राहून रोपं लावायला लागले. माझी ओळ वाकडी, रोपं आडवी, आणि शेजारच्या काकी कधीच्या पुढे निघून गेलेल्या.

प्रतीक्षानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओळीकडे. चुकलं असं म्हणाली नाही.

"मॅडम, तुमची चाल चांगली हाय. तुमी वरनं रोपाच्या जुड्या आणून द्या समद्यांना."

दिवसभर मी जुड्या पोचवल्या. एकही बाई खोळंबली नाही. संध्याकाळी काकी म्हणाल्या, बाई कामाची हाय.

मला काय जमतं ते शोधायला तिला अर्धं मिनिट लागलं. मला तीन दिवसांचं ट्रेनिंग आणि चार पानी फॉर्म लागला होता, तरी पहिल्यांदा चुकलेच.