केरबानं घोडीला पाणी पाजलं

मी बन्सी. औरंगाबादच्या एस.टी. स्टँडाबाहेर माझी पुस्तकांची टपरी आहे. पातळ पातळ पुस्तकं विकतो. जपानचा इतिहास, तुर्कस्तानचा इतिहास, गाजलेले खून, गाजलेले दरोडे, शिवाय घरगुती औषधं. पैठणच्या गाडीत बसणारा माणूस एक उचलतो आणि उतरेपर्यंत वाचून संपवतो. मला या धंद्याची कधी लाज वाटली नाय. पण एका पुस्तकानं माझं डोकं असं फिरवलं की अजून ठिकाणावर नाय.

माझ्या गावच्या, देवगाव रंगारीच्या बानाबाईचा नवरा केरबा धनगर. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की तो शेतकऱ्यांच्या वावरात मेंढरं बसवायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी वावर खतवायचं आणि शेतकरी त्याला धान्य द्यायचा. या लोकांचा एक रिवाज होता. चुकलेलं जनावर कळपात आलं तर हाकलायचं नाय. त्याला पाणी पाजायचं, दावं लावायचं आणि मालक येईपर्यंत सांभाळायचं. आपलं मेंढरू हरवलं तर दुसऱ्या धनगरानं तसंच करावं, एवढाच त्यात हिशोब.

पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एका व्यापाऱ्याकडं दरोडा पडला. दरोडेखोर दागिने त्याच्याच घोडीवर लादून पळाले आणि पुढं घोडी सोडून दिली. ती लंगडत लंगडत आमच्या गावच्या बड्या शेतकऱ्याच्या, नानासाहेबांच्या वावरात आली. तिथं केरबाची मेंढरं बसलेली. केरबानं रिवाजाप्रमाणं तिला पाणी पाजलं, पायाला हळद लावली आणि बाभळीला बांधली. दुसऱ्या दिवशी पोलीस आले.

"घोडी तुझ्याकडं कशी रं?"

"आपणहून आली, साहेब."

पोलीस पोट धरून हसले म्हणे. केरबानं नानासाहेबांकडं बोट दाखवलं. दरोड्याच्या वेळी तो तिथंच होता आणि घोडी आपणहून आली, हे नानासाहेबांइतकं कुणाला ठाऊक? मेंढरं त्यांच्या वावरात, केरबाची भाकर त्यांच्या ओट्यावर. पण कोर्टकचेरीचं झेंगट नको म्हणून हा मोठा माणूस काय म्हणाला? "धनगर फिरस्ते. कुठं जातात, काय करतात, मला काय ठाऊक!" अरे वा रे वा! खत गोड लागलं, माणूस कडू लागला!

केरबा तुरुंगात गेला. पुढं खरे दरोडेखोर पैठणकडं दागिन्यांसकट सापडले आणि कोर्टानं केरबाला निर्दोष सोडलं. तो घरी आला तो खोकला घेऊनच, आणि फार जगला नाय. बानाबाईनं मेंढरांवर पोरगं वाढवलं, मुंजाबा त्याचं नाव. तिनं कुणापुढं हात पसरला नाय.

पुढं वीस-पंचवीस वर्षांनी ते पुस्तक आलं. 'दख्खनचे दरोडे' त्याचं नाव. त्यात एक प्रकरण होतं, 'घोडीचोर केरबा'. दरोडा झाला, घोडी सापडली, केरबाला बेड्या पडल्या, आणि प्रकरण तिथंच खलास! सुटल्याचा एक शब्द नाय, खऱ्या चोरांचं नाव नाय. गावात कुणीतरी ते चावडीवर मोठ्यांदा वाचलं. झालं! त्या उन्हाळ्यात मुंजाबाला मेंढरं बसवायला कुणी वावर देईना. "छापून आलंय म्हणजे खरंच असंल की," लोक म्हणायचे. ज्यांनी केरबाला सुटून आलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही म्हणायचे.

बानाबाई माझ्या टपरीवर आली. म्हणाली, "बन्सी, लेकरा, मला त्या लिहिणाऱ्याकडं ने."

मी ते पुस्तक त्याच दिवशी फळीवरून काढलं. लेखकमहाशय व्याख्यानाला शहरात आले होते, तिथं तिला घेऊन गेलो. चहा पीत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"सुटला असेल हो," ते म्हणाले, "पण वाचकाला थरार लागतो. सुटका म्हणजे रटाळ."

मी तापलो. "साहेब, हिच्या पोराला वावर मिळत नाय आणि तुम्हाला थरार पाहिजे?"

बानाबाईनं माझा हात धरला. "साहेब, तुमचं हाय तेवढं राहू द्या. फक्त एक लिहा. माझ्या मालकानं घोडीला पाणी पाजलं."

ते हसले. "बाई, त्याला साक्षीदार कोण?"

बानाबाई उठली आणि दाराकडं चालू लागली. मी मात्र बोललो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाय.

पावसाळा तोंडावर आला असताना मी गावी गेलो. रस्त्याकडेच्या पडीक रानात मुंजाबाची मेंढरं होती. कळपाच्या कडेला एक खोंड जीभ बाहेर काढून उभं होतं. बादली भरलेली, पण बानाबाई त्याला पाणी देईना. उलट पत्र्याचा डबा काठीनं बडवत होती.

"या रं सगळे! बघा! हे आपणहून आलंय!"

मी म्हणालो, "बानामावशी, अगं तहानलंय ते, पाणी तर पाज!"

"नाय. आधी साक्षीदार."

ज्या रिवाजापायी नवरा गेला तो रिवाज या बाईनं सोडला नव्हता, पण तहानलेल्या जनावराला घोटभर पाणी द्यायलाही तिला आता पंचमंडळी लागत होती. थू असल्या इतिहासावर!

माणसं जमली. मागून काठी टेकत म्हातारे नानासाहेब आले. खोंड त्यांचंच होतं. त्यांनी दाव्याला हात घातला तशी बानाबाई आडवी झाली.

"नानासाहेब, आधी सांगा. कसं आलं हे?"

"अगं, सुटून आलं असंल."

"तसं नाय. आपणहून आलं म्हणा. मोठ्यांदा."

नानासाहेबांनी जमलेल्या माणसांकडं पाहिलं, मग खाली मातीकडं. खोंड हंबरलं.

"आपणहून आलं," नानासाहेब म्हणाले.

"ऐकलं का रं सगळ्यांनी?" बानाबाईनं विचारलं. "एवढंच बोलायचं होतं यांना. तवा."

मग तिनं बादली खोंडापुढं सरकवली.