एलिझरबरोबर पाहिलेलं विद्यापीठ

कोपऱ्यावरच्या मकोलेतमध्ये, म्हणजे आमच्या किराणा दुकानात, फोन आला तेव्हा मी कांदे निवडत होते. धाकटा भाऊ एलिझर प्रयोगशाळेतच कोसळला, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं... मी कांदे घेऊन घरी आले, चिरले आणि फोडणीलाही टाकले. माणूस असा का वागतो, कोण जाणे.

एलिझर एका विज्ञान विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्रयोग शिकवायचा. आम्ही ठाण्याहून इस्राएलमधल्या किर्यात मलाखी गावी आलो त्याच्या कितीतरी आधीच तो इथं रुळला होता. आपल्या बेने इस्राएल लोकांपैकी कुणाच्या मुलांना तिथं शिकायचं असलं की विद्यापीठ दाखवायचं काम हा आपणहून अंगावर घेई. इतर लोक मोठमोठ्या इमारती दाखवत. हा पाहुण्यांना आधी जेवणघरात नेई. "अगो बाय, आईबापाला पहिली काळजी पोरगी जेवणार काय याची. ती मिटली की मग फिजिक्स नि केमिस्ट्री," असं मला म्हणायचा. मग वसतिगृह, ग्रंथालय आणि शेवटी स्वतःची प्रयोगशाळा. तिथं मात्र त्याला आवरणं कठीण. पहिल्या वर्षी सगळ्यांना गणित सारखंच, पुढे आवडीचा विषय घ्या, नापास झालात तर परत बसा, पण घाबरून घरी पळू नका... हे तो प्रत्येकाला बजावी.

बासष्टच्या उन्हाळ्यात आम्ही माझ्या रूथला घेऊन गेलो. तिच्या शाळेतल्या बाईंनी शिवणकाम सुचवलं होतं, पण पोरगी ऐकेना. तिथल्या प्राध्यापकांनी हात पुढे केला आणि माझ्या नवऱ्यानं, सिनेगॉगमध्ये आम्ही करतो तशी, त्यांच्याशी हातबोशी केली. तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मग स्वतःची बोटं ओठांना लावली. प्राध्यापक बावचळले. रूथ शरमेनं खाली बघू लागली. एलिझर शांतपणे पुढे झाला आणि त्यानंही प्राध्यापकांशी तशीच हातबोशी केली, जणू तिथली ती रोजचीच रीत. "आता बसू या," म्हणाला. रूथला हसू फुटलं. इथंच शिकायचं, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं असावं.

म्हणून तो गेल्यावर तिनं शिक्षण सोडते म्हटलं तेव्हा मला रागावताही येईना. "त्या दारातून आत गेलं की मामा दिसतो, आई. मला नाही जमणार," एवढंच हिब्रूतून बोलली. पोरीचं शिक्षण सुटणार आणि त्याबरोबर माझ्या भावाचं उरलंसुरलंही जाणार, हे मला कळत होतं. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी तिची वसतिगृहातली ट्रंक आणायला गेलो.

विद्यापीठाच्या फाटकाशी बीरशेबाहून आलेल्या एक बाई मुलीला घेऊन उभ्या होत्या. "एलिझरभाऊ खंय भेटतील गो?" त्यांनी मला विचारलं. त्यांना ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तशा त्या कठड्यावर मटकन बसल्या. "मग आता आम्हाला कोण दाखवणार?"

तेवढ्यात रूथनं वाकून त्यांचा हात धरला. घरी माझ्या मराठीला हिब्रूतून उत्तरं देणारी पोरगी ही... "चला मावशी, मी दाखवते," म्हणाली.

सगळं फिरून झालं. प्रयोगशाळेच्या दाराशी ती बराच वेळ थांबली. मी मागेच उभी राहिले. मग दार ढकलून ती आत गेली आणि त्या मुलीलाही तिनं आत बोलावलं.

"तू हितंच शिकतेस?" बाईंनी विचारलं.

रूथनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो. पहिल्या वर्षाला आहे."

ट्रंक वसतिगृहातच राहिली. परतीच्या बसमध्ये मी एकटी होते. एलिझर गेल्यापासून रडले नव्हते, ते घर येईपर्यंत रडत राहिले.