आमच्या निवाऱ्यातले पाहुणे

बेघरांच्या निवाऱ्यात काम करायला लागलं की किस्से धुळीसारखे अंगावर साचतात. घरी आल्यावर झटकून टाकू म्हटलं, तर बायको म्हणते, "थांबा, आधी सांगा!"

जळगावात आम्ही निवृत्त मंडळी हा निवारा चालवतो. मी अमळनेरला नीतिशास्त्र शिकवायचो, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत शंका. वसंतनाना एसटीत कंडक्टर होते. त्यांना कशातच नाही!

'लाभार्थी' हा शब्द मला अपमानाचा वाटला. बैठक घेऊन मी 'पाहुणे' मंजूर करून घेतला. दुसऱ्याच दिवशी एकाने ताट सरकवलं, "पाहुण्याले रोज खिचडीच का?"

दाते रविवारी वाढदिवस साजरे करायला येतात. एकाच दिवशी तीन घरची जिलबी! सोमवारी चिटपाखरू नाही. एक आबा मला हळूच म्हणाले, "सर, सोमवारी कोनी जन्मत नही का?"

एका शेटजींनी भर एप्रिलात ब्लँकेटं वाटली. फोटो काढणं योग्य की अयोग्य, यावर मी बोलायला उठलो. तेवढ्यात ब्लँकेटात घामाघूम झालेला पाहुणा ओरडला, "लवकर काढा हो शेट, नही ते हार घालाना फोटो व्हई!"

मर्जीशिवाय कुणाला काही करायचं नाही, हा माझा आग्रह. एका नव्या पाहुण्याला मी विचारलं, "बसू का? चहा चालेल? साखर घालू? नाव विचारलं तर चालेल?"

तो घाबरून नानांना म्हणाला, "यासले सांगा भाऊ, मी काहीच गुन्हा करेल नही!"

खरा घोर होता तो अक्कांचा. धुळ्याकडच्या, एकट्या, बसस्टँडमागे कडुनिंबाखाली राहायच्या. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटायचं. एकदा भोवळ येऊन पडल्या, तरी आत यायला तयार नाहीत.

"सर, आयुष्यभर माणसं गाडीत कोंबली. एक म्हातारी मला जड आहे का?" नाना म्हणाले.

"नाना, त्यांची मर्जी!"

"मर्जी जपता जपता म्हातारी जाईल!"

मी पुन्हा अक्कांकडे गेलो.

"बिनमुराईनी मी कोनाघर जात नही," त्यांनी सांगितलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला भाऊ जातो, तो मुराळी. अक्कांच्या बोलीत मुराई. त्यांचं माहेरचं कुणी उरलं नव्हतं. मग आपण भाऊ व्हावं? पण ती फसवणूक नाही का? माझं ठरेचना. आखाजीच्या सकाळी नानांनीच माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि मला रिक्षात ढकललं. "विचार रस्त्यात करा!"

कडुनिंबाखाली मी हात जोडले. "अक्का, आखाजी आहे. न्यायला आलोय."

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं.

"इतला उशीर कसाले करा रे भाऊ?"