लाइट गेले तेव्हाचं गाणं

माझा थोरला भाऊ जन्मभर बोटीवर होता. बोटीवरून आलेल्या माणसाच्या गोष्टी रत्नागिरीत लोक नीट ऐकून घेतात, "हो का? मग?" म्हणतात, चहा संपवतात आणि फाटकाबाहेर पडल्यावर हसतात. दादाच्या एका गोष्टीला मात्र त्यांना फाटकापर्यंतही दम निघत नसे. तिला लोक त्याच्या तोंडावर हसायचे.

ती गोष्ट अशी. त्याची बोट युरोपातल्या एका बंदरात दुरुस्तीला अडकली होती. खलाशांच्या क्लबात कुणीतरी त्याला एका रॉक बँडच्या कार्यक्रमाचं फुकट तिकीट दिलं. दादा गेला, आणि जाताना कोटाच्या आत सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर लपवून घेऊन गेला. ऐन गाण्यात लाइट गेले. मिट्ट काळोख. तर समोरच्या हजारो माणसांनी ते गाणं नुसत्या गळ्याने पुढे चालवलं आणि लाइट आल्यावर बँडने ते त्यांच्याकडून मधेच उचललं. "लाइट जायला ती काय रत्नागिरी आहे?" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता कुणी ते म्हणायला तोंड उघडलं तरी माझं डोकं फिरतं.

पुरावा होता, नाही असं नाही. दादाला बूटलेगचा नाद होता. बूटलेग म्हणजे बँडला न विचारता कुणीतरी चोरून केलेलं रेकॉर्डिंग. बंदराबंदरांतून त्याच बँडच्या असल्या कॅसेटी घेऊन त्यातली आवडती गाणी त्याने इथल्या एका दुकानात एकाच कॅसेटवर उतरवून घेतली आणि पाचवं म्हणून आपलं ते गाणं मध्ये घातलं. मूळ कॅसेटी कुठे गेल्या देव जाणे. उरलेल्या या एकीवर अक्षर लिहिलेलं नाही. त्यात आईचे उपकार! कॅसेटींना बुरशी येते म्हणून तिने एका उन्हाळ्यात त्या आमसुलांच्या शेजारी अंगणात उन्हात घातल्या. जे जे दमट, ते ते उन्हात, हा तिचा कायदा. गाद्या, पापड, आमसुलं आणि रॉक संगीत. तेव्हापासून त्या कॅसेटमधला गायक ताप आल्यासारखा गातो.

पाचव्या गाण्यात वाद्यं एकदम बंद पडतात, मग बराच वेळ नुसती खरखर, मग पुन्हा वाद्यं. दादा म्हणायचा, ही खरखर म्हणजे माणसं गातायत. बाकीचे म्हणायचे, इथे दुकानात कॅसेट उतरवताना लाइट गेले असणार, दुसरं काय!

हे सगळं हसण्यावारी जात होतं. पण गेल्या गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना दादाने ती गोष्ट काढली आणि त्याचा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, पुरे आता ती थाप. लोक हसतात, लाज आम्हाला वाटते." दादा वाक्य अर्धं टाकून गप्प झाला, तो गप्पच राहिला. ती गोष्ट तर सोडाच, बोटीचं नावच काढेना. काही विचारलं तर "बरं होतं," एवढंच. वहिनीचा मला फोन यायचा, "वन्सं, घरात माणूस आहे की नाही कळत नाही हो. दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसतात."

मला मुळात स्वस्थ बसायची सवय नाही, त्यात हे. मी भाट्याला दादाच्या घरी गेले, वहिनीकडून ती कॅसेट मागून आणली, एका दुरुस्तीवाल्याच्या मागे लागून ती मोबाइलवर उतरवून घेतली. गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपला ऐकवली. अ‍ॅपने हात टेकले. आईच्या उन्हापुढे कुठलं अ‍ॅप टिकणार! मग इंटरनेटवर असल्या चोरट्या रेकॉर्डिंगांचा माग काढणाऱ्या लोकांचा एक गट सापडला. जगभरचे रिकामटेकडे, प्रेमळ आणि भांडखोर. मला तिथे लगेच घरच्यासारखं वाटलं.

एकेका गाण्याचं घर सापडू लागलं. पहिली दोन रेडिओवरून उतरवलेली निघाली. तिसरं एका उघड्या मैदानातलं. गायक एका ओळीला खोकतो, त्या खोकल्यावरून कुणीतरी ओळखलं. चौथं तर त्या बँडचं नव्हतंच! कुठल्यातरी नकल्या पोरांचं होतं, ते दादाच्या गळ्यात मारलं होतं. सहावं स्टुडिओतलं, वर टाळ्या चिकटवलेल्या. सगळीच अशी उसनी आणि बनावट, तर पाचवं तेवढं खरं कशावरून? आणि पाचव्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं.

घरात माझं लक्ष लागेना. दूध उतू गेलं, भात लागला, एकदा स्टँडवर जायच्या ऐवजी भलत्याच रिक्षात बसून भलतीकडे पोचले. भाट्याच्या पुलावर उभी राहून कानात ती खरखर ऐकायचे. कधी वाटायचं माणसं आहेत. कधी वाटायचं, छे, खाली खाडीचं पाणीच ऐकतेय मी. दादाकडे जायचं टाळायला लागले. गेले तरी त्याच्या तोंडाकडे बघवेना.

मग एक दिवस सकाळी मी मिक्सरवर खोबरं वाटत होते, शेजारी मोबाइलवर तेच गाणं चालू. लाइट गेले. मिक्सर बंद, पंखा बंद, फ्रिज बंद. मोबाइल आपला गातोय! मी हातात झाकण धरून तशीच उभी. अगं बाई! दुकानात लाइट गेले असते तर वाजवणारी आणि उतरवून घेणारी, दोन्ही मशिनं एकदमच बंद पडली असती. मग ही खरखर कुणी रेकॉर्ड केली? जे लाइटवर चालत नव्हतं त्याने. सेलवाल्याने. दादाने! इतकी वर्षं आम्ही सगळे शहाणे हसत होतो, आणि हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

मी तशाच ओल्या हाताने गटावर लिहून टाकलं की गाण्याच्या मध्ये लाइट गेले होते, आणि त्या बंदराचं नाव लिहिलं. तोवर नाव लिहिलंच नव्हतं. का, ते विचारू नका. दोन-चार दिवस कुणी बोललं नाही. मग त्याच गावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं. त्या कार्यक्रमाला ते हजर होते. लाइट गेले होते. गाणाऱ्यांत ते स्वतः होते. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी गाण्याचा वेग सुधारला, खरखर धुऊन काढली आणि मला परत पाठवलं. मी ऐकलं. माणसं गात होती हो! बायका, पुरुष, बेसूर, भसाडे, एकत्र. मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले.

जी रिक्षा मिळाली तिने भाट्याला. शिमगा तोंडावर आलेला, त्यामुळे भाचाही मुंबईहून आला होता. मी पाणीसुद्धा न घेता सगळ्यांना पडवीत बसवलं, त्या गृहस्थांचं उत्तर मराठीत सांगितलं, मिक्सरची हकीकत सांगितली, आणि गाणं लावलं. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. भाचा चांगला मुलगा आहे. तो सरळ उठून दादासमोर गेला आणि म्हणाला, "बाबा, चुकलंच माझं." मग त्याला राहवेना, मित्रांना ऐकवायला म्हणून गाणं स्वतःच्या मोबाइलवर घेऊन बाहेर पळाला. मी तर हवेत होते. पोराने बापाची माफी मागितली, आणखी काय हवं?

दादाने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. लाइट जातात तिथे किंचित हसला.

"कधीपासून शोधत होतीस गो?" त्याने विचारलं.

"गणपती झाले तेव्हापासून. कोणाकोणाला म्हणून त्रास दिला नाही!"

"आणि नसतं सापडलं तर?"

"नसतं कसं? सापडलं ना!"

"तसं नाय गो बाय," तो हळूच म्हणाला. रागाने नाही. रागावला असता तर मी भांडले तरी असते. "नसतं सापडलं, तर तू काय समजली असतीस?"

मला गावात सगळे तोंडाळ म्हणतात. कुठल्या प्रश्नाला मी अडत नाही. तिथे मात्र मी मिक्सरची हकीकतच पुन्हा सांगू लागले. दादाने ती नीट ऐकून घेतली. मग मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि वहिनीला माझं पान वाढायला सांगितलं.