उसना सोफा

पाहुणे येणार म्हटलं की आजही माझ्या पायाला भिंगरी लागते. खुर्च्या सरकव, पडदा ओढ, पुन्हा उघड. नवरा म्हणतो, बस की जरा. बसवत नाही. याचं मूळ परभणीजवळच्या मानवतमधल्या आमच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आहे.

आम्ही मूळचे तेलंगणातले. नान्ना, म्हणजे माझे वडील, जिनिंगची मशीन दुरुस्त करायला एका हंगामापुरते आले आणि मग इथलेच झाले. घरात मराठी धड मलाच यायची आणि त्याचा मला केवढा तोरा. धाकटी बहीण सहा वर्षांची झाली तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन घरी होते. इंग्रजी शाळेत गरिबांच्या मुलांसाठी काही मोफत जागा असतात, त्यातल्या एकीसाठी तिचा फॉर्म मीच भरला. सोडतीत तिचं नाव निघालं. अम्मा रडली, नान्नांनी गल्लीत पेढे वाटले.

मग निरोप आला, प्रवेश पक्का करण्याआधी दोन माणसं घर बघून जातील.

आमच्या गावाकडे घर बघायला माणसं येतात ती सोयरीक जुळवायला. अशा वेळी शेजारी कपबशा देतात, सतरंज्या देतात आणि पाहुण्यांसमोर कुणी ब्र काढत नाही. अम्माने हेही तसंच धरलं. एवढी मोठी शाळा, मुलगी कसल्या घरातली ते बघणारच. शेजारच्या काकू जिवाला जीव देणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आमचा सोफा घिऊन जा, कूलर बी न्या. पोरीचं भलं व्हायलंय, लाजायचं कशाला?"

चौघांनी सोफा गल्लीतून उचलून आणला. दारातून आत जाईना, तेव्हा नान्नांनी दाराची फळी काढली. काकूंच्या मुलाची स्कूटी दारात आणून लावली ती मात्र मी. ती कल्पनाच माझी.

जागा गरिबांसाठी आहे हे आमच्या घरात मलाच नीट ठाऊक होतं. उत्पन्नाचा दाखला मीच जोडला होता. मग हे सगळं करताना माझ्या डोक्यात आलं कसं नाही? खरं सांगायचं तर आलं होतं. पण मी त्या सोफ्यावर एकदा बसून बघितलं आणि मग ते डोक्यातून गेलं.

माणसं आली. अम्माने दिलेला चहा त्यांनी उभ्यानेच घेतला, मोबाइलवर फोटो काढले. जाता जाता एकाने विचारलं, "गाडी कोणाची?"

"आमचीच," मी म्हणाले.

चार दिवसांनी जागा रद्द झाली. बाजारपेठेत दुमजली घर असलेल्या एका व्यापाऱ्याच्या नातवाची मात्र राहिली. त्यांनी गोदामामागची खोली दाखवली होती. तिथे एक बाज, एक माठ, आणि ती बाजसुद्धा हमालाकडून आणलेली. म्हणजे उसनं त्यांनीही आणलं होतं. काय उसनं आणायचं एवढं त्यांना कळत होतं. मी संतापाने नुसती घरभर फिरत होते. "चोर सोडून संन्याशाला फाशी," काकू म्हणाल्या.

नान्ना शाळेत गेले. त्यांच्या वतीने बोलायला मी सोबत होते. मी त्या व्यापाऱ्याचं घर सांगितलं, गोदाम सांगितलं, माझा आवाज चढला. कारकुनाने शांतपणे कागदावरचा फोटो आमच्यापुढे सरकवला. "दुसऱ्याचं सोडा. ह्यो सोफा बघा. अन् गाडी बी आमचीच हाय म्हणून तुमच्या मोठ्या पोरीनंच सांगितलं. मग आमी काय करावं?"

नान्नांना मराठी कमी कळायचं, पण एवढं कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजला. घरी अम्माला त्यांनी सांगितलं, "सोफ्यामुळे झालं." गाडीचं नाव काढलं नाही. मी तिथेच उभी होते. मीही काढलं नाही.

जूनमध्ये बहीण मी शिकले त्याच नगरपालिकेच्या शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी मीच तिला घेऊन निघाले. काकूंच्या दारात स्कूटी दिसली तशी ती थांबली.

"अक्का, आज आपल्या गाडीवर जाऊ या ना."

ती गाडी आपली नाही, एवढं सांगायला मला शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता लागला. मग तू खोटं का बोललीस, असं तिने विचारलं नाही. सहा वर्षांच्या पोरीला सुचलं नसेल, किंवा सुचलं असेल.

आता ती कॉलेजात आहे आणि मी केव्हाची परभणीला नांदते. मी माहेरी गेले आणि तिच्या एखाद्या अवघड गेलेल्या पेपरचा विषय निघाला की अम्मा अजून म्हणते, माझंच चुकलं, मी तो सोफा आणायला नको होता. दर वेळी मी उठते आणि पाणी प्यायला आत जाते.