ब्लॅकआउटमधला तेजोमेघ

आमच्या आत्या सगळ्याला घाबरायच्या आणि ते लपवायच्या नाहीत. पाल, वीज, कुत्रं, इंजेक्शन. जिना चढताना मोठ्याने म्हणायच्या, "अंधार आहे हं, मला भीती वाटतेय." माझ्या सासऱ्यांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. आणि या बाईंनी पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर स्वतः आरसा घासून केलेली दुर्बीण उभी केली होती.

चंद्राचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. त्यांना फोटो हवे असत ते तेजोमेघांचे. "तारा म्हातारा झाला की अंगावरचं हळूहळू सोडून देतो. तो धूर उजळतो," असं सांगायच्या. डोळ्यांना तो जेमतेम पुसट दिसे. फोटोत उतरवायचा तर अर्धा तास फिल्म उघडी ठेवायची आणि आकाश सरकेल तशी दुर्बीण हाताने चाक फिरवून सरकवायची. शेजारी बांधलेल्या लहान दुर्बिणीत केसाएवढ्या तारांची फुली असे. तिच्यावरून तारा ढळू द्यायचा नाही. "घाबर खुशाल," मला म्हणायच्या, "बोटांना तेवढं कळू देऊ नकोस."

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी, एकाहत्तरला, युद्ध पेटलं. ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफा, म्हणजे पहिला बॉम्ब आपल्यावरच, अशी गावभर धास्ती. दिवेलागणीला दिवेच लागत नसत. घरातले पुरुष सायखेड्याला गेले होते, तेव्हा आत्या हळूच म्हणाल्या, "असं आकाश पुन्हा मिळायचं नाही. येतेस वर? एकटीची छाती होत नाही."

त्यांनी चाक धरलं. काळोखात फुली दिसावी म्हणून मी लाल कागद गुंडाळलेली बॅटरी तिच्यापाशी धरली. निम्मा वेळ झाला असेल, तोच खालून आरोळी आली, "ओ, वर कोण हाय? लाल दिवा कोणाला दावता?" दुसरा ओरडला, "तोफ हाय वर! हेर घुसलेत!" दारावर काठ्या बसू लागल्या.

"आत्या, चला. मारतील आपल्याला."

"कळतंय गं." त्यांचे दात वाजत होते. "बॅटरी विझव. मी अंदाजाने धरते."

दार मोडून माणसं वर आली, मागे एक हवालदार. त्याने दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्याकडे हात नेला. आत्यांनी लहान दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. "हवालदारसाहेब, मी फार घाबरलेय. एवढं संपू द्या. मग कुठंही न्या."

का कोण जाणे, तो थांबला. त्याच्यामागे सगळे थांबले. काळोखात कुणाचा तरी श्वास माझ्या मानेवर येत होता आणि पाठीत काठी आता पडेल, मग पडेल, असं वाटत होतं. शेवटी कॅमेरा खट्‌ वाजला.

रात्र चौकीत काढली. सकाळी तिथल्या साहेबांनी समोर उभं राहून एका स्टुडिओत फिल्म धुवून घेतली. तारे थोडे लांबट आले होते. मधोमध कापसाच्या बोंडासारखा धूसर डाग.

"एवढ्यासाठी?" साहेबांनी विचारलं.

"एवढ्यासाठीच," आत्या म्हणाल्या आणि तिथेच रडू लागल्या.

आम्हाला सोडलं. गल्लीतल्या बायका मात्र पुढे कितीतरी दिवस आम्हाला पाहिलं की दारं लावून घ्यायच्या.

पुढे बारा-तेरा वर्षांनी आत्यांचं ऑपरेशन ठरलं. मला दारापर्यंतच जाऊ दिलं. काचेतून दिसत होतं, त्या काहीतरी बोलत होत्या आणि नर्स हसत होती. त्यातून त्या परत आल्या नाहीत. काय बोलत होत्या, म्हणून मी नंतर त्या पोरीला विचारलं.

"माझं गाव विचारलं," ती म्हणाली. "कळवण सांगितलं तर म्हणाल्या, नशीबवान आहेस, तिकडे अजून चांगला अंधार मिळतो."