पुढचं चाक

वीसेक वर्षांपूर्वी वडील प्लास्टरमधला पाय लांब करून स्टँडच्या बाकावर बसले होते आणि मी पुण्याच्या बसमध्ये. त्याच्या महिनाभर आधी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना चढावर आमच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली आणि तो वडिलांसकट उलटला. पुढे तो विकला, आणि मी नोकरी शोधायला निघाले. "हातपाय सांभाळ," एवढंच ते म्हणाले.

गावात राहिलेले तुम्ही विचाराल, सत्तेचाळिसाव्या वर्षी डर्ट बाइकचं हे काय खूळ? पुण्याला लागून असलेल्या माण गावात मी ज्यांच्या खोलीत भाड्याने राहिले, त्यांची मुलगी सुजाता जवळच्या रिहे गावी दिलेली. भात काढून झालं की तिच्या मोकळ्या खाचरात ती डर्ट बाइक, म्हणजे माती-चिखलातली मोटारसायकल, चालवायला शिकवते. ऑफिसचं ॲडमिन सांभाळून मी रविवारी जाऊ लागले. हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड, बूट, सगळं क्रमाने. गाडी चालवणं जमलं, पुढचं चाक हवेत धरून गाडी पळवणं, म्हणजे व्हीली, मात्र जमेना. पुढचं चाक जरा उचललं की डावा हात आपोआप क्लच दाबायचा आणि चाक धाडकन खाली. आपल्याकडे ऊस ओढणाऱ्या घरात हे लहानपणीच अंगात मुरतं: चाक उचललं, क्लच दाब, मग तो पायाखाली असो वा हाताखाली.

"ताई, मागं ट्रॉली न्हाई हितं," सुजाता वैतागून म्हणायची. "मागच्या ब्रेकवर पाय हाय ना तुमचा? मग घाबरताय कशाला?"

दिवाळीनंतर महिनाभराने वडील आले. मी त्यांना काही सांगणार नव्हते, सुजातानेच सांगितलं. तेही लगेच चला म्हणाले आणि काठी टेकत बांधावर जाऊन बसले. उचललेलं चाक पाहून त्यांना तो चढ आठवला तर, ही धास्ती होती. तरी ॲक्सिलरेटर पिळला, अंग मागे टाकलं. चाक वर आलं आणि हात जागेवर राहिला. अर्धं खाचर तशीच गेले, मग हलकेच ब्रेक दाबून चाक खाली टेकवलं.

हेल्मेट काढता काढता तोंडातून निघून गेलं, की त्या दिवशी ट्रॅक्टर उलटला नसता तर मी आज गावातच असते.

वडील म्हणाले, "तो उलटला म्हणून तुला धाडलं, असं वाटतंय का तुला? तुला शहरात धाडायचं आधीच ठरलं होतं. ट्रॅक्टरला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं मी. तुझ्या आईला विचार."

आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं का?"

इतकी वर्षं मी गावी जाताना औषधं, कागदपत्रं, दुरुस्त्या यांची यादी घेऊन जायचे, जणू तिथे उलटलेलं काहीतरी सरळ करायचं राहिलंय. बाहेर पडलेल्या तुमच्यापैकी कितीजण असेच जात असाल, कोण जाणे. यंदा संक्रांतीला नुसतीच गेले. दुपारी जेवून आईशेजारी चटईवर आडवी झाले. दिवेलागणीपर्यंत मला कोणी उठवलं नाही.